फुग्याची ऑर्डर आणि हातांचा हिशेब

 

मागे याच कार्यक्रमात आम्ही रेझिनच्या राख्या आणि कीचेनबद्दल बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच जणींनी विचारलं, पुढे काय नवीन? आज एका ऑर्डरीची गोष्ट सांगतो. चाळीस फुग्यांची ऑर्डर. जत्रेतले रबरी फुगे नाहीत बरं का. रेझिनचे, भरीव, बोटभर लांबीचे. या ऑर्डरीत आमचा एक साचा वाया गेला, तासाला दहा रुपयेसुद्धा हाती आले नाहीत, आणि आमच्यातल्या एका ताईंचे हात किती दुखत होते तेही आम्हाला उशिरा कळलं. म्हणून ही गोष्ट सांगावीशी वाटली.

झालं असं की, गटातल्या एका ताईंचा भाचा पुण्यात असतो. तो आणि त्याचे मित्र रविवारी मोठ्या टेबलावर एक खेळ मांडतात. टेबलावर घरं, नदी, पूल, छोटे शिपाई, छोटी विमानं. फासे टाकायचे, पट्टीने अंतर मोजायचं आणि जुनी एखादी लढाई नियमाप्रमाणे खेळायची. बुद्धिबळाचाच मोठा भाऊ म्हणा ना. त्यांना दुसऱ्या महायुद्धातलं इंग्लंडमधलं एक शहर मांडायचं होतं, आणि त्यासाठी हवे होते बॅरेज बलून.

आता बॅरेज म्हटल्यावर आमच्या डोळ्यांपुढे आला नदीवरचा बंधारा. आणि खरं सांगायचं तर ते फार चुकीचं नव्हतं. नदीवरचा बॅरेज पाणी अडवतो, आणि हा फुगा आकाशात विमान अडवायचा. मोठा थोरला रुपेरी फुगा, माशासारखा, शेपटीकडे तीन जाड कल्ले. खाली पोलादी दोर, आणि दोर ट्रकवरच्या रहाटाला गुंडाळलेला. असे फुगे शहरावर ठिकठिकाणी उभे असले की शत्रूच्या विमानाला खाली येता येत नसे. खाली आलंच तर दोरात पंख अडकण्याची भीती. मग ते उंचावरून जाणार, उंचावरून बॉम्ब टाकताना नेम चुकणार, आणि खालच्या तोफांनाही ते टप्प्यात मिळणार.

खऱ्या फुग्याची मापं भाच्याने दिली. लांबी सुमारे ६३ फूट, म्हणजे १९ मीटरच्या थोडी वर. पोटात १९ हजार घनफूट हायड्रोजन. रबर चढवलेलं सुती कापड, त्यावर ॲल्युमिनियमचा रंग. साधारण ५ हजार फुटांपर्यंत चढवायचे. वरच्या भागात हायड्रोजन, खालच्या भागात साधी हवा, मध्ये कापडाचा पडदा. शेपटीच्या कल्ल्यांत तर वाराच भरायचा. त्यामुळे जमिनीवर असताना कल्ले ओल्या धोतरासारखे लोंबायचे आणि वर गेल्यावर फुगायचे. भाच्याने बजावून सांगितलं, ‘मावशी, आपले फुगे उडतानाचे आहेत, कल्ले टणटणीत पाहिजेत.’

गटाच्या बैठकीत विषय ठेवला तेव्हा आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू म्हणाल्या, ‘युद्धाचा कसला खेळ? माणसं मेली त्याचा खेळ करतात का कोणी?’ प्रश्न बरोबर होता, म्हणून आम्ही तो हसण्यावारी नेला नाही. या खेळाला फार जुनं वय आहे. एच. जी. वेल्स नावाच्या इंग्रज लेखकाने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, घरातल्या फरशीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढाई कशी खेळावी यावर. त्यात त्याने हेही म्हटलं आहे की खऱ्या युद्धापेक्षा हे चिमुकलं युद्ध कितीतरी बरं. दुसऱ्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

शिवाय हा फुगा काही कोणावर चालून जात नाही. जागेवर उभा राहतो आणि वाट अडवतो. अर्थात दोर तो दोरच. स्वतःच्या बाजूची विमानंही त्यात अडकून पडली आहेत, तेही आम्ही काकूंना सांगितलं. काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘राखणदार आहे म्हणा की. मग करू या.’ आणि इतिवृत्तात ठराव झाला.

आता काम कसं केलं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी ज्या रेझिनचं काम करतात त्यांना उपयोगी पडेल.

माप ठरलं एकास तीनशे. म्हणजे खरी वस्तू तीनशे पट लहान करायची. १९ मीटरचा फुगा झाला जवळजवळ साडेसहा सेंटिमीटरचा. एका फुग्याला रेझिन लागलं साधारण २५ ग्रॅम. गंमत म्हणजे, उंचीही त्याच मापाने लहान करायची म्हटली तर ५ हजार फुटांचे होतात ५ मीटर! म्हणजे फुगा पत्र्याच्या वर. म्हणून खेळणारे लोक उंचीपुरतं माप सोडून देतात. आमच्या फुग्याची तार ठरली एक वीत.

भाच्याने नमुना म्हणून एक फुगा थ्रीडी प्रिंटरवर छापून आणला होता. आम्ही विचारलं, मग सगळेच छाप ना, आमच्याकडे कशाला? तो म्हणाला, एकेक छापायला तास न् तास जातात. साच्यातून भराभर निघतात आणि सगळे एकसारखे. बरोबर आहे. गणपतीच्या मूर्तीही अशाच साच्यातून निघतात.

साचा दोन भागांचा. डब्यात मातीचा थर द्यायचा, नमुना आडवा करून अर्धा मातीत दाबायचा, कडेला बोटाने चार खळगे करायचे म्हणजे पुढे दोन्ही भाग एकमेकांत नीट बसतात. वरून सिलिकॉन ओतायचं. ते घट्ट झालं की डबा उलटा करायचा, माती काढायची, सिलिकॉनला व्हॅसलीनचा हात फिरवायचा आणि दुसरी बाजू ओतायची. व्हॅसलीन विसरलात तर दोन्ही भागांचा एकच गोळा होतो.

आमचा पहिला साचा इथेच बिघडला. नमुन्याला लागलेलं सिलिकॉन दोन दिवस झाले तरी चिकटच. गुळाच्या काकवीसारखं. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, तुमचं मिश्रण चुकलं. पण मिश्रण काट्यावर मोजलेलं होतं. नंतर कारण कळलं. सिलिकॉन दोन जातींचं असतं. एक प्लॅटिनमवर घट्ट होतं, दुसरं कथिलावर. प्लॅटिनमवाल्याला काही वस्तूंचं वावडं आहे: गंधक असलेली माती, रबराचे साधे हातमोजे, आणि रेझिन प्रिंटरवर छापलेली वस्तू. आमचा नमुना नेमका तसाच छापलेला. कथिलवाल्याला असं वावडं नसतं. म्हणून दुसरा साचा त्याचा केला, आणि तो सुरेख निघाला. तुम्ही कोणतंही सिलिकॉन घ्या, आधी नमुन्याच्या एका कोपऱ्यावर थेंबभर लावून बघा. तांदळाचं शीत चाचपतो ना, तसं.

रेझिन कोणतं वापरायचं? राख्यांना आम्ही इपॉक्सी वापरतो. ते चोवीस तास घेतं. दोन साच्यांत दिवसाला दोन, म्हणजे चाळीस फुग्यांना वीस दिवस. म्हणून पॉलियुरेथेन घेतलं. दोन बाटल्या, सारखंच माप, तीन-चार मिनिटांत ओतायचं आणि अर्ध्या तासात साचा उघडायचा. पण त्याला पाण्याचं वैर. आमची ऑर्डर ऐन पावसाळ्यातली. पहिले सहा फुगे अनारशासारखे जाळीदार निघाले. हवेतला ओलावा रेझिनमध्ये गेला की आत वायू धरतो आणि फेस येतो. मग आम्ही बाटलीचं झाकण काम झाल्याबरोबर लावायला लागलो, आइस्क्रीमच्या लाकडी काड्या सोडून प्लास्टिकचे चमचे घेतले, कारण लाकूड ओलावा धरतं, आणि पावसाची उघडीप बघूनच ओतायला बसलो.

दुसरी अडचण कल्ल्यांच्या टोकांची. तिथे हवा अडकायची आणि टोकं बोथट यायची. त्यावर सोपा उपाय: साच्यात आतून टाल्कम पावडर भुरभुरायची आणि जास्तीची झटकून टाकायची. पावडर रेझिनला कानाकोपऱ्यात ओढून नेते. शिवाय कल्ल्यांची बाजू खाली आणि नाक वर ठेवून ओतायचं, म्हणजे हवा वर निघून जाते. आधी काडीने कल्ल्यांत थोडं रेझिन फिरवायचं, मग बाकीचं.

आणि शेवटची गंमत. खरा फुगा हवेपेक्षा हलका. आमचा २५ ग्रॅमचा, तारेच्या टोकावर. टेबलाला धक्का लागला की आडवा! मग बैठकीखाली लोखंडी वॉशर चिकटवले आणि मऊ तार सोडून स्प्रिंगची पोलादी तार घेतली. आता उभा राहतो.

मैत्रिणींनो, काम जमलं. पण आता जे सांगणार आहोत ते जास्त महत्त्वाचं.

फुगे घासायला बसलो होतो. एक ताई दोन दिवस काहीतरी निमित्त सांगून घासायचं टाळत होत्या. तिसऱ्या दिवशी चहा घेताना त्यांचा पदर सरकला आणि आम्ही त्यांचे हात पाहिले. बोटांच्या बेचक्यांत लाल चट्टे, मनगटाला पाणी भरलेले फोड. राख्यांच्या वेळेपासून होतं. म्हणजे दीड महिना. आम्ही विचारलं, बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘बोलले असते तर तुम्ही काम दिलं नसतं. मुलाच्या फीचा हप्ता कुठून भरू?’

आम्हा सगळ्यांना मान खाली घालावी लागली. कारण राख्यांच्या वेळी आम्ही उघड्या हातांनीच काम केलं होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी सांगितलं होतं, हे रेझिन विषारी नाही, मोजे लागत नाहीत. आम्ही ऐकलं. बाटलीवरची बारीक अक्षरं कोणीच वाचली नाहीत, आणि आम्ही तर बी.ए. झालेल्या.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं ते असं. घट्ट झालेलं रेझिन आणि पातळ रेझिन यांत फरक आहे. पातळ असताना ते कातडीला लागत राहिलं तर काही जणांच्या अंगाला त्याची ॲलर्जी बसते. एकदा बसली की पुढे थेंबभर लागलं तरी उठते. अशा बाईने ते काम सोडावंच लागतं. मोजे पहिल्या दिवसापासून हवेत, खाज सुटल्यावर नव्हे.

आता आमचे नियम ऐका. नायट्राईलचे मोजे, फाटले की लगेच बदलायचे. ओतायचं काम मोकळ्या ओसरीवर, स्वयंपाकघरात कधीच नाही, आणि पोरंबाळं लांब. पॉलियुरेथेनच्या वाफेने दमा उठू शकतो, म्हणून ज्यांना दमा आहे त्यांनी त्या कामाला बसायचं नाही. तोंडाला बांधलेल्या ओढणीने वाफ थांबत नाही, वारा खेळता हवा. घासायचं ते पाण्यात बुडवून, म्हणजे भुकटी उडत नाही, आणि तरी धुळीचा मास्क लावायचा. उरलेलं पातळ रेझिन मोरीत ओतायचं नाही, घट्ट होऊ द्यायचं आणि मग टाकायचं. आणि एका कपात खूप रेझिन मिसळायचं नाही. भाच्याला शोभेसाठी दुप्पट लांबीचा एक फुगा हवा होता. ‘दर दुप्पट घ्या,’ म्हणाला. आम्ही हो म्हणालो. पण लांबी दुप्पट झाली की रुंदी आणि उंचीही दुप्पट होते, म्हणजे रेझिन दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट! २५ ग्रॅमचे झाले २०० ग्रॅम. त्यासाठी घरातलं उरलेलं इपॉक्सी एकाच कपात मिसळलं, तर ते आपोआप तापलं, धूर आला आणि कप वितळून खाली बसला. हात भाजला नाही हे नशीब.

आता हिशेब. भाच्याने विचारलं तेव्हा आम्ही पटकन दर सांगितला, एका फुग्याला ७० रुपये. आमचं गणित असं होतं: रेझिन २३, साच्याचा वाटा १०, तार आणि बैठक ८, रंग ५, एकूण ४६. उरले २४. चाळीस फुग्यांचे ९६० रुपये नफा. टाळ्या वाजवल्या आम्ही.

मग काम संपल्यावर वहीत खरा हिशेब मांडला. वाया गेलेलं रेझिन धरून फुग्याला २३ चे ३० झाले. मोजे, मास्क, कप, चमचे यांचे १०. म्हणजे खर्च ६३, उरले ७. चाळीस फुग्यांचे २८० रुपये. बिघडलेला पहिला साचा तर यात धरलाच नाही. आणि एका फुग्याला ओतणं, घासणं, भोक पाडणं, रंगवणं मिळून पाऊण तास लागला होता. चाळीस फुग्यांचे तीस तास. २८० भागिले ३०. तासाला सव्वानऊ रुपये!

मजुरी आम्ही धरलीच नव्हती. का? तर, ‘संध्याकाळी टीव्ही बघता बघता होईल.’ आपल्या वेळेला किंमत नाही हे दुसऱ्या कोणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्हीच ठरवलं होतं.

इथे त्या खऱ्या फुग्यांची एक गोष्ट सांगायची राहिली. सुरुवातीला ते फुगे पुरुष सांभाळायचे आणि बायका त्यांना ठिगळं लावायच्या. पुरुष दुसरीकडे कमी पडू लागले तेव्हा १९४१ साली महिला सहायक हवाई दलातल्या बायकांना फुगे चढवायचं आणि उतरवायचं शिक्षण दिलं गेलं. अधिकाऱ्यांना शंका होती, की रात्री-अपरात्री, वादळवाऱ्यात एवढा फुगा बायकांना आवरेल का? आवरला. पुढे शेकडो ठिकाणचे फुगे बायकांच्याच हाती आले. लॉरा नाईट या चित्रकर्तीने १९४३ साली कॉव्हेंट्री शहरातल्या अशा बायकांचं मोठं चित्र काढलं. हे शहर १९४० च्या नोव्हेंबरात बॉम्बनी होरपळलं होतं. चित्रात बायका दोर ओढतायत, वर रुपेरी फुगा आणि मागे गिरण्यांची धुराडी. भाच्याने ते चित्र मोबाईलवर दाखवलं तेव्हा आमच्या काकू म्हणाल्या, ‘या तर विहिरीवर मोट ओढल्यासारख्या उभ्या आहेत.’

पण त्या दलात बायकांचा पगार किती होता माहीत आहे? त्याच हुद्द्याच्या पुरुषाच्या दोन तृतीयांश. तीन रुपयांच्या कामाला दोन रुपये. हे ऐकून आमच्यातली एक म्हणाली, ‘त्यांना निदान सरकारने कमी दिलं. आपण तर आपल्याच हाताने कमी घेतलं.’

पहिली ऑर्डर आम्ही ७० रुपयांतच पुरी केली. शब्द दिला होता. मोठ्या फुग्याचं मात्र आठपटीचं गणित भाच्यापुढे मांडलं, त्याला पटलं, आणि तो फुगा रद्द झाला. महिन्याभराने त्याच्या मित्रांची दुसरी ऑर्डर आली. या वेळी दर मांडला तो असा: सामान आणि वाया जाणारं मिळून ५३, मोजे-मास्कचे १०, पाऊण तासाची मजुरी ४५. झाले १०८. गटाचा वाटा धरून १२५. आमच्या छातीत धडधडत होतं. तो म्हणाला, ‘ठीक आहे, कल्ले मागच्यासारखेच टणटणीत द्या.’ घासाघीस नाही, काही नाही. म्हणजे इतके दिवस पैसे कमी पडत होते ते गिऱ्हाइकामुळे नव्हे, आमच्या संकोचामुळे.

आणि त्या ताई? रेझिनचं काम त्यांनी सोडलं. गटाने अंतर्गत कर्जातून फीचा हप्ता भागवला. आता त्या ऑर्डरी लिहून घेतात, माल मोजतात, पुण्याला खोकी पाठवतात आणि त्याची मजुरी इतरांसारखीच तासावर घेतात. खोक्यात फुगा मोडू नये म्हणून तार वेगळी काढून ठेवायची युक्ती त्यांचीच. हात पुष्कळ बरे आहेत. बैठकीत आता कर्जाच्या हप्त्याआधी एक प्रश्न विचारला जातो: कोणाला काही होतंय का? आणि सगळ्याजणी हात पुढे करून दाखवतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुम्ही राख्या करा, पणत्या करा, पापड करा, नाहीतर आमच्यासारखे फुगे करा. बाटलीवरची बारीक अक्षरं मुलीकडून वाचून घ्या. दर सांगण्याआधी वहीत वेळ लिहा. मोज्यांचा खर्च दरातच धरा, तो आपल्या खिशातून भरायचा नसतो. आणि शेजारची बाई हात पदराखाली लपवत असेल तर तिला कामावरून काढू नका, तिला योग्य काम द्या.

पुढच्या वेळी साच्यांच्या जपणुकीबद्दल बोलू.